गुरूवरचा डाग आणि चतुर्थीची आरती

माझ्या लग्नाच्या बोलणीत सासूबाईंनी मला एकच प्रश्न विचारला होता. "पहाटे उठता येतं का तुला?" माझ्या आईचा चेहरा पडला. आमच्या घाटकोपरच्या घरात सुट्टीच्या दिवशी नऊच्या आधी कोणी कूस बदलत नसे. मी तोंडदेखलं हो म्हटलं आणि मनात म्हटलं, झालं, यांना सून नको, पाण्याचा पंप सुरू करायला माणूस हवंय.

लग्नानंतर आठव्या दिवशी पहाटे साडेचारला दारावर टकटक झाली. मी केस बांधून, कणीक मळायच्या तयारीनेच बाहेर आले. दारात सासूबाई उभ्या. एका हातात लाल कागद गुंडाळलेली विजेरी, दुसऱ्या हातात गच्चीची किल्ली. म्हणाल्या, चल लवकर, शनी काय छान आलाय. त्या पहाटे मी पहिल्यांदा शनीचं कडं पाहिलं आणि सासर या गोष्टीबद्दलचं माझं मत कायमचं बदललं.

आमची इमारत मुलुंड पूर्वेला, अगदी टोकाची. गच्चीवरून पूर्वेला मिठागरं आणि खाडी, त्यामुळे त्या बाजूला दिवे कमी. सासूबाई तेव्हा टेलिफोन ऑफिसात होत्या. माझ्या लग्नाआधी कितीतरी वर्षं त्यांनी दुर्बिणीचा आठ इंची आरसा स्वतः घासून काढला होता. बाल्कनीत लोखंडी पिंप, त्यावर काच, काचेवर काच, मध्ये घासायची पूड आणि पाणी. घासायचं, एक पाऊल सरकायचं, पुन्हा घासायचं. वर्षभर रोज संध्याकाळी त्या पिंपाभोवती फिरत होत्या. समोरच्या काकूंची समजूत झाली की बाईंनी काहीतरी नवस बोललाय.

त्यांची एक वही होती, खरं तर वह्यांची चळत. जगभरचे निरीक्षक नोंदी ग्रिनिचच्या वेळेत करतात, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. सासूबाई ती वेळ इतकी पाळत की सासरे रात्री आठला मुद्दाम ओरडत, "अडीच वाजले, पानं घ्या." वहीत प्रत्येक निरीक्षणाला एक पान. तारीख, वेळ, आकाश कसं होतं, आणि पेन्सिलीने काढलेलं चित्र. फोटोवर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. मी आर्किटेक्टच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर नकाशे काढते, माझा विश्वास फक्त फोटोवर. यावरून आमची रोज जुंपायची. नवरा दोघींनाही हो म्हणायचा.

आमच्या ओळखीत असे वेडे आणखी चार-पाच होते. त्यातला वर्सोव्याचा मित्र सगळ्यात कामाचा. त्याच्या गच्चीखाली सुकत घातलेल्या बोंबलांचा वास आणि समोर समुद्र. पावसाळ्यात ढग पश्चिमेकडून येतात, फटीही तिकडूनच येतात. त्याच्या डोक्यावर आकाश मोकळं झालं की साधारण अर्ध्या तासाने मुलुंडला होणार, हा आमचा हिशोब. तो फोन करून दोन शब्द बोलायचा आणि ठेवून द्यायचा.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. जुलैचा महिना होता. वर्सोव्याच्या मित्राचा फोन आला आणि पहिल्यांदाच तो दोन शब्दांत थांबला नाही. दूरच्या देशातल्या कुणा हौशी माणसाला आपल्या अंगणातल्या दुर्बिणीतून गुरूच्या दक्षिण ध्रुवाजवळ एक काळा डाग दिसला होता. आधी कधी नव्हता. काहीतरी येऊन गुरूवर आदळलं होतं आणि त्याचा व्रण उरला होता, जवळजवळ आपल्या पृथ्वीच्या पसाऱ्याएवढा. मी फोन ठेवला आणि धावत स्वयंपाकघरात जाऊन सासूबाईंना सांगितलं. मला वाटलं होतं त्या नाचतील. त्या मेथी निवडत होत्या. "असं का," म्हणाल्या आणि आणखी एक जुडी सोडली.

मला राग आला. आपण एवढी बातमी आणावी आणि समोरच्याने मेथी निवडावी. त्या रात्री सासरे सहज बोलून गेले की असं पूर्वी एकदा झालं होतं. माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी, नव्वदच्या दशकात, एक धूमकेतू फुटून त्याचे तुकडे ओळीने गुरूवर पडले होते आणि डागच डाग झाले होते. मी विचारलं, मग आईंनी पाहिले असतील ना? सासरे म्हणाले, पाहिले असतील की, ती कशाला सोडते.

मी वह्या काढल्या. त्या जुलैच्या पानांवर ओळीने एकच शब्द होता, ढग. ढग, ढग, ढग. मग एका दिवशी, संध्याकाळची वेळ लिहून, बारीक अक्षरात तीन छोटी वाक्यं. आकाश निरभ्र. निरीक्षण नाही. पाहुणे. चित्रासाठी आखलेलं वर्तुळ कोरं होतं. पुढच्या पानापासून पुन्हा ढग.

ती तारीख सासऱ्यांना सांगितल्यावर त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, अगं, त्या दिवशी आमच्या धाकट्या बहिणीला बघायला आले होते. चौदा माणसं. तुझ्या सासूने काय पोहे केले होते, लोकांनी तीनदा मागून घेतले. बिचाऱ्यांना त्या पोह्यांची चव अजून आठवत होती. गच्ची तीन मजले वर होती आणि त्यांची बायको दोन तास परातभर पोहे परतत होती, हे त्यांच्या गावीही नव्हतं. आठवड्यातली ती एकच मोकळी संध्याकाळ. तेव्हा मला मेथीचा उलगडा झाला. ज्याची फार आशा असते त्याबद्दल त्या बोलत नसत.

त्या रात्री मी ठरवलं की हा डाग यांना दाखवायचाच. ठरवणं सोपं होतं. गुरू स्वतःभोवती दहा तासांच्या आत एक फेरी मारतो, त्यामुळे डाग समोर यायची वेळ दर दोन दिवसांनी पावणेदोन तासांच्या आसपास पुढे सरकते. कधी ती भरदुपारी पडायची, कधी गुरू उगवायच्या आत. मी तक्ता करून फ्रिजवर लावला. बाकीचं काम पावसाने केलं. जुलै असाच गेला. जगभरचे फोटो येत होते आणि त्यात डाग रोज पसरत, पुसट होत चालला होता.

ऑगस्टच्या सुरुवातीला एका पहाटे फट मिळाली. आमच्या दुर्बिणीला एकच नळी. तिच्यात एक तर डोळ्याने बघायचं भिंग बसतं, नाही तर कॅमेरा. माझा कॅमेरा म्हणजे मित्राकडून आणलेला वेबकॅम, त्याची काच काढून टाकलेली. मी तो बसवला, नवऱ्याने लॅपटॉप धरला, आणि पडद्यावर गुरूच्या वरच्या कडेला एक काळा ठिपका. दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं, म्हणजे वर ते दक्षिण. सासूबाई मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, मला एकदा डोळ्याने बघू देतेस का? मी म्हटलं, दोन मिनिटं आई, आधी रेकॉर्ड होऊ दे, पुरावा नको का. त्या दोन मिनिटांत ढग आला आणि फट बुजली.

तरी मी हवेत होते. त्यातला सगळ्यात चांगला एक फोटो निवडून सगळ्यांना पाठवला. वर्सोव्याच्या मित्राने अभिनंदन केलं. सासरे सात वाजता नाक्यावरून पेढे घेऊन आले आणि मजल्यावरच्या चारही घरांत वाटून आले. काय झालं म्हणून विचारणाऱ्यांना त्यांनी सांगितलं की गुरूला लागलंय.

सासूबाईंनी पेढा खाल्ला, चष्मा लावला आणि म्हणाल्या, तो एक फोटो नको, सगळी फिल्म लाव. आमची दुर्बीण हाताने सरकवायची, त्यामुळे गुरू चौकटीतून हळूहळू वाहत जातो. मी फिल्म लावली. गुरू डावीकडून उजवीकडे निघाला. ठिपका मात्र होता तिथेच होता. बघता बघता गुरू त्याच्या खालून सरकून गेला आणि ठिपका गुरूच्या पोटातून चालत दुसऱ्या कडेला जाऊन नाहीसा झाला. कॅमेऱ्यावर धुळीचा कण बसला होता. घरात सगळे हसून लोटपोट झाले, सासूबाई तर डोळे पुसत होत्या. मी हसले नाही. कणापायी मी त्यांना थांबवलं होतं. तो डाग त्या वेळी समोर होता की नव्हता हे सोडा, त्यांनी मागितलं होतं आणि मी दोन मिनिटं म्हटलं होतं.

नंतर पुन्हा ढग. आणि मग गणपती आले.

तक्त्यात चतुर्थीच्या संध्याकाळी आठ-चाळीसची वेळ होती. गुरू आता संध्याकाळीच उगवत होता, म्हणजे जागरणाचाही प्रश्न नव्हता. ती नोंद मी पाहिली होती, सासूबाईंनीही पाहिली होती, आणि दोघीही त्याबद्दल बोललो नव्हतो. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती. चतुर्थीला संध्याकाळी सगळं गणगोत आरतीला येतं आणि जेवूनच जातं. शिवाय त्या दिवशी चंद्र बघायचा नसतो, बघितला तर चोरीचा आळ येतो. याबाबतीत आमच्या आत्या फार कडक. आत्या म्हणजे सासऱ्यांची धाकटी बहीण, ती पोह्यांवाली. जोगेश्वरीहून आल्या आल्या त्यांनी पश्चिमेच्या सगळ्या खिडक्यांचे पडदे ओढले आणि पोरांना बजावलं की आज कोणी गच्चीवर फिरकायचं नाही.

सव्वाआठला आरती सुरू झाली आणि माझ्या कमरेला फोन थरथरला. वर्सोव्याचा मित्र म्हणाला, "फाटलंय. झकास फाटलंय. पळ." मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांच्या हातात निरांजनाचं तबक होतं. मी खुणेने वर बोट केलं. त्यांनी मान हलवली, ओठांनीच म्हणाल्या, पाहुणे आहेत. सासऱ्यांना आरत्यांचा फार सोस. गणपतीची झाली, शंकराची झाली, देवीची सुरू झाली. एरवी मला ते आवडतं. त्या दिवशी प्रत्येक कडव्याला माझं रक्त तापत होतं.

मी नवऱ्याला कोपराने ढोसलं. आम्ही दोघं मागच्या मागे गच्चीवर गेलो. दुर्बीण पाण्याच्या टाकीच्या पूर्वेला ठेवली, म्हणजे पश्चिमेचा चंद्र टाकीआड. हे मी आत्यांसाठी केलं असं नाही, पण केलं. मिठागरांच्या वर आकाश धुतल्यासारखं होतं आणि गुरू वर आलेला. या वेळी कॅमेरा तीनदा फुंकून बसवला. पडद्यावर गुरू आला. वरच्या बाजूला एक करडा, लांबट पट्टा. गुरू सरकला तसा पट्टाही त्याच्याबरोबर सरकला. नवऱ्याला म्हटलं, तू रेकॉर्ड कर, आणि मी तीन मजले उतरले.

आरती संपली होती. पहिल्या पंगतीची पानं मांडली होती, आणि सासूबाई गॅससमोर पुऱ्या तळत होत्या. मी म्हटलं, आई, डाग आलाय, चला. त्या म्हणाल्या, एवढा घाणा काढते, तू हो पुढे. मग मात्र माझा तोल गेला. घर पाहुण्यांनी भरलेलं आहे हे मी विसरले नव्हते, पण त्याची पर्वा केली नाही.

"आई, मागच्या वेळीही तुम्ही इथेच उभ्या होता."

आत्या दारातच होत्या. मागच्या वेळी म्हणजे कधी, त्यांनी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, काही नाही वन्सं, ही काहीही बोलते. मी सगळं सांगून टाकलं. तुकडे, ढग, वहीतल्या त्या तीन ओळी, चौदा माणसं आणि पोहे. बोलताना माझा आवाज चढला आणि बाहेरच्या खोलीतलं बोलणं थांबलं. सासरे पाटावर बसले होते, ते हातातल्या पाण्याच्या भांड्याकडे बघत राहिले.

आत्या दोन पावलं आत आल्या. मग म्हणाल्या, "वहिनी, आणि त्या मेल्यांनी तर नकार कळवला होता." सासूबाईंना हसू आलं. आत्यांना नाही आलं. त्यांनी पुढे होऊन त्यांच्या हातातला झारा काढून घेतला.

"जा वर. पुऱ्या मी बघते. तेवढं चंद्राकडे बघू नको."

सासूबाई जिने चढल्या त्या चालीला मी आजही हसते. नऊवारी नेसलेली, साठीला आलेली बाई, उजव्या हाताने कपाळावर आडोसा धरलेला, मान पूर्वेला वळवलेली, आणि पायरी चाचपत झपाझप वर. विज्ञानावर एवढी श्रद्धा, तरी नणंदेचा शब्द म्हणजे शब्द.

वर नवरा रेकॉर्ड करत होता. सासूबाईंनी लॅपटॉपकडे पाहिलं आणि त्या मागे सरकल्या. म्हणाल्या, चालू दे, फोटो पुरा होऊ दे, पुरावा महत्त्वाचा. माझंच वाक्य. पश्चिमेला टाकीच्या वर एक ढग येताना दिसत होता. मी हात घालून कॅमेरा नळीतून उपसून काढला. नवरा ओरडला, अगं निम्मंच झालंय. मी म्हटलं, होऊ दे निम्मं. भिंग बसवलं, गुरू मध्यावर आणला आणि बाजूला झाले.

सासूबाई वाकल्या. दुसरा डोळा त्या कधी मिटत नसत, उघडाच ठेवून बघत. पहिलं मिनिट काही नाही. मी विचारलं, दिसतोय का? त्यांनी भिंग जरासं मागेपुढे केलं. मला भीती वाटली की इतका पुसट झालाय की डोळ्याला दिसणारच नाही, आणि मी भरल्या घरात तमाशा केला तो फुकट.

"आहे," त्या म्हणाल्या. "वरती आहे. काजळ बोटाने पुसलं की राहतं तसा. डावीकडे जास्त गडद आहे गं."

आणि त्यांचा हात मागे आला, वहीसाठी. वही आणायला मी विसरले होते. नवऱ्याच्या खिशात फुलपुडीचा कागद होता, त्याच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी त्या लाल कागदाच्या विजेरीच्या उजेडात वर्तुळ काढलं. बघायच्या, दोन रेघा मारायच्या, पुन्हा बघायच्या. बोटाने शिसं पसरवायच्या. त्यांच्या ओठांवर एक हसू होतं, त्यांना बहुतेक माहीतही नव्हतं. मला इतका आनंद झाला होता की मी नवऱ्याच्या दंडाला चिमटा काढला. खाली कुणीतरी ताटं वाजवत होतं आणि मिठागरांवरून खारट वारा येत होता. ढग येऊन गुरू झाकला जाईपर्यंत त्यांना बारा मिनिटं मिळाली. त्यांनी चित्राखाली वेळ लिहिली, साडेपाच तास वजा करून.

माझ्या निम्म्या फिल्ममधून पुढे एक फोटो निघाला. तो बरा आहे. त्यात डाग दिसतो, कुणी दाखवला तर. डाव्या बाजूचा गडदपणा दिसत नाही. मी हा फोटो आणि आईंचं चित्र, दोन्ही पाठवली तेव्हा वर्सोव्याच्या मित्राने फोन करून सांगितलं की तुझ्यापेक्षा सासूचा कॅमेरा भारी आहे. त्याच्याशी मी आठवडाभर बोलले नाही, पण म्हणत होता ते खरं होतं.

पण तो नंतरचा भाग. त्या संध्याकाळी आम्ही खाली आलो तेव्हा पहिली पंगत बसली होती, सगळे पुरुष आणि मुलं. आत्या घामाने निथळत गरम पुऱ्या वाढत होत्या. घरच्या बायका बसतात त्या शेवटी, साडेदहाला, गार झालेल्या मसालेभातावर. इतक्या वर्षांत मी सासूबाईंना सणाच्या दिवशी गरम जेवताना पाहिलं नव्हतं. त्यांनी हात धुतले नाहीत. शिसाने काळं झालेलं बोट तसंच ठेवून त्या सरळ बाहेरच्या खोलीत गेल्या आणि सासऱ्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या.

"सरका जरा," त्या म्हणाल्या. "मला भूक लागलीय."

सासरे सरकले. पलीकडचे काकाही सरकले. आत्यांनी नवं पान आणून मांडलं, मीठ वाढलं, लिंबाची फोड ठेवली, भाजी वाढली आणि कढईतून नुकत्याच काढलेल्या दोन टम्म पुऱ्या पानात टाकल्या. मग तिथेच उभ्या राहून विचारलं, "दिसला ना गं?"

सासूबाईंनी तोंडात घास असतानाच मान हलवली आणि आणखी पुरी मागितली.